राजू, तुझा बारावा मुद्दा

दोन जुलै, मंगळवार, दुपारी साडेचार. कोपरीतलं वकीलबाईंचं ऑफिस. रक्कम अकरा हजार एक रुपये, रोख. हजर: मी, वैशाली, मिहिर, वकीलबाई आणि तू.

राजू, तुला मी बोलावलं नव्हतं. हे आधी लिहून ठेवतो. तुला जाऊन तीन आठवडे झाले आणि या तीन आठवड्यांत घरी आलेल्या प्रत्येकाने मला तुझ्याबद्दल चांगलंच सांगितलं. मी मान हलवत बसलो, कारण ते सगळं खरं होतं. पण माझ्या मेव्हण्याबद्दल माझ्याकडे आणखीही काही आहे, आणि ते ऐकायला तूच हवास.

मिहिर तुझ्या गाडीत शांत बसतो म्हणून त्या दिवशी कल्याणहून तू आम्हाला घेऊन आलास. गाडी लावून तू खालीच थांबशील अशी माझी समजूत. बाईंनी शाळेची पत्रं वाचली, चार प्रश्न विचारले आणि फी सांगितली: नोटीस आणि तक्रार तयार करण्याचे मिळून आधी अकरा हजार, पुढचं पुढे. मी चेकबुक काढलं. तेवढ्यात तू आत आलास आणि टेबलावर पाकीट ठेवलंस. लग्नात देतात तसलं, सोनेरी गणपतीचं, वर रुपया चिकटवलेला. रक्कम तू आदल्या दिवशीच फोन करून विचारून ठेवली होतीस. मला न सांगता.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “हे काय?”

“मामाकडून, मॅडम.”

“अहो, मी केस लढवणार आहे. मुंज नाही लावत.”

“शुभ कामाला शून्यावर थांबत नाही आम्ही.”

बाई हसल्या, वैशाली हसली. मिहिरने पाकिटावरचा रुपया ओढून काढला आणि त्याची कड नखाने घासत बसला. बाई अकरा हजारांची पावती लिहायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, अकरा हजार एकची करा. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. मी गंमत करत नव्हतो. गृहनिर्माण संस्थांचे हिशेब तपासणं हा माझा धंदा आहे. जेवढे दिले तेवढ्याची पावती हवी.

“तो एक रुपया तुमच्या मुलाच्या हातात आहे,” बाई म्हणाल्या.

तू खिशातून दुसरा रुपया काढून टेबलावर ठेवलास. म्हणजे खरं तर तू त्या दिवशी अकरा हजार दोन दिलेस. “कोणाच्या नावाने करू?” असं बाईंनी मला विचारलं. “माझ्या,” तू म्हणालास. माझ्या मुलाच्या केसमधला पहिला कागद तुझ्या नावाने झाला.

पुढचं सगळं तुला माहीत आहे. तरी सांगतो, कारण माझ्या बाजूने तू ते कधी ऐकलं नाहीस.

मिहिर तेव्हा नऊ वर्षांचा होता. स्वमग्न, बोलणं जवळजवळ नाही, कळतं मात्र सगळं. चौथीचं वर्ष सुरू होताच शाळेने आम्हाला बोलावलं. घंटा झाली की तो वर्गातून पळतो, पॅसेजमध्ये आडवा होतो आणि गाल लादीला लावून पडून राहतो. उठवायला गेलं तर चावतो. मुख्याध्यापिका फार गोड बोलल्या. “आमचा जीव आहे हो त्याच्यावर. पण आमच्याकडे विशेष शिक्षक नाहीत, सोय नाही. तुम्ही दाखला काढून घ्या, त्याच्याच भल्यासाठी.” दाखला काढल्यावर त्याला आत घेईल अशी दुसरी शाळा मला कल्याणमध्ये सापडली नव्हती. मी विचारून आलो होतो. एका ठिकाणी तर फॉर्मसुद्धा दिला नाही. दाखला गेला असता तर मिहिर घरी बसला असता, आणि आम्ही म्हातारे होईपर्यंत घरीच बसला असता. सोय शाळेनेच करायची असं कायदा म्हणत होता. शाळेला ते कायद्याच्या भाषेत ऐकवणारं माणूस हवं होतं.

तेही तूच शोधलंस. मी तीन वकिलांची माहिती काढली होती. अनुभव किती, असल्या केसेस किती चालवल्या, फी किती, सगळं एका तक्त्यात. तू आमच्याकडे भजी खात बसला होतास. तक्ता बाजूला सरकवून त्याच हाताने चटणी घेतलीस आणि म्हणालास, “भावोजी, कोपरीला एक बाई आहेत. बाथरूमच्या टाइल्सचा रंग एक शेड वेगळा निघाला म्हणून माझ्या दुकानात येऊन पूर्ण दुपार भांडलेल्या. माझ्याकडून सगळा माल बदलून घेतला. त्या शाळेला सोडतील काय?”

“मग त्याच,” वैशाली म्हणाली. तक्त्याला तेलाचा डाग पडला होता.

मला तुझा हेवा वाटायचा, राजू. वाटायचा म्हणजे वाटतो.

मिहिर वर्षाचा होता तेव्हापासूनचा आहे हा. जावळाला मूल मामाच्या मांडीवर बसतं, ही आपली पद्धत. कान टोचले तेव्हाही मामाचीच मांडी. बापाला या सगळ्यात नेमलेली जागाच नाही. मी नारळ धरून उभा होतो. न्हाव्याने वस्तरा लावताच मिहिर किंचाळायला लागला. तू त्याचं तोंड तुझ्या शर्टावर टेकवलंस, आणि तो तुझ्या शर्टाची बटणं एकेक करून ओठांनी चाचपत गप्प झाला. मामाचा लळा आहे हो, असं सगळ्या बायका म्हणाल्या. मी मनात म्हटलं, बटणं माझ्या शर्टालाही आहेत. दुसऱ्या दिवशी तो रडायला लागला तेव्हा मी बनियनवर मुद्दाम शर्ट घालून त्याला घेतलं. तो आणखी रडला.

शाळेने ‘निर्णय होईपर्यंत पाठवू नका’ असं कळवलं तेव्हा दिवसभर त्याच्याजवळ कोण थांबणार हा प्रश्न आला. वैशालीची नोकरी, माझ्याकडे कोलशेतच्या एका मोठ्या सोसायटीचे तुंबलेले हिशेब. तू रोज सकाळी येऊन त्याला शहाडला तुझ्या टाइल्सच्या दुकानात घेऊन जायला लागलास. मी म्हटलं, ती काय लहान मुलाची जागा आहे? काही अंगावर पडलं म्हणजे?

“पडलं तर माझ्या अंगावर पडेल, भावोजी. टेन्शन नका घेऊ.”

वैशालीने त्याचा डबा माझ्यासमोरून नेऊन तुझ्या हातात दिला. विषय संपला.

आणि त्या दुकानातून ती टाइल आली. तळहाताएवढं सॅम्पल, पुढून पांढरं गुळगुळीत, मागे आडव्या उंच रेघा. मिहिर त्या रेघांवरून अंगठा फिरवत राहायचा, आणि अंगठा फिरत असेपर्यंत बाकीचा मिहिर जागेवर असायचा. हात रमवण्यासाठी डॉक्टरांनी सुचवलेली रबराची खेळणी मी अठराशे रुपयांना मागवली होती. ती त्याने एकेक करून गॅलरीतून खाली सोडली. तुझी फुकटची टाइल तो उशाखाली घेऊन झोपायचा.

दुसऱ्या बैठकीला बाई म्हणाल्या, “कलमं मी घालीन. मला मुलाचा दिवस सांगा, उठल्यापासून. काय जमतं, काय नाही, काय केलं की जमतं. शाळेकडे जे मागायचं ते त्यातूनच निघणार आहे.” मी फाइल उघडली. निदान कधी झालं, बुद्ध्यांकाचा अहवाल, थेरपीचे तास, प्रमाणपत्रावरची टक्केवारी. बाई ऐकत होत्या, पण पेन हलत नव्हतं. मग त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. त्या दिवशीही तू खाली थांबला नव्हतास.

“मॅडम, शाळा म्हणते त्याला आवाज सहन होत नाही. माझ्या दुकानात टाइल कापायचं मशीन आहे. त्याच्यापुढे शाळेची घंटा म्हणजे देवघरातली. तिथे तो बसतो.”

“कसा काय?”

“त्याला आवाजाचा त्रास नाही. न सांगता आलेल्या आवाजाचा आहे. मी आधी सांगतो, मिहिर, मशीन. आणि हात वर करतो, असा. तो कान झाकतो. झालं की हात खाली. तो कान उघडतो. बस्स.”

बाईंचं पेन चालायला लागलं ते थांबेना. वैशाली तुझ्याकडे बघत होती. मी फाइलची दोरी बांधत होतो.

आठवड्याने प्रतिज्ञापत्राचा मसुदा आला. एकोणीस मुद्दे. ‘मी, मुलाचा पिता, माझ्या व्यक्तिगत माहितीवरून सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की’ अशी सुरुवात, आणि खाली एकामागून एक तुझी वाक्यं. टाइल, मशीन, जेवताना डब्याची झाकणं ओळीत लावून द्यावी लागतात ते, नवीन माणूस समोरून नाही तर बाजूने आलेला चालतो ते. त्यातले चार मुद्दे मला स्वतःला ठाऊक होते. पंधरा मी तुझ्या तोंडून ऐकले होते. मी सही केली नाही.

बाईंनी सोपा मार्ग सांगितला. पंधरा मुद्द्यांसाठी तुझं वेगळं प्रतिज्ञापत्र जोडायचं. त्यात पहिलंच वाक्य आलं असतं, मुलाची दिवसभराची देखभाल मामा करतो. सरकारदरबारी, शिक्क्यासकट. मी नको म्हटलं. बाईंना कारण सांगितलं नाही. त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी विचारलंही नाही.

खाली चहाच्या टपरीवर तू मला गाठलंस.

“भावोजी, एक सांगा. यातलं काही खोटं आहे?”

“मला माहीत नाही.”

“मी सांगतोय ना.”

“तू सांगतोयस. सही माझी आहे.”

“अरे देवा. मी काय तुमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, व्हाउचर मागताय?”

“व्हाउचर पाहिल्याशिवाय मी माझ्या बापाच्या हिशेबावरही सही केली नसती.”

तू चहाचा ग्लास खाली ठेवलास. “बाप तर तुम्हीच आहात,” म्हणालास. “बघून घ्या की.”

तू ते टोचून म्हणालास का सहज, हे मला विचारायचं राहिलं. आता राहिलंच.

मी कोलशेतचं काम पुढे ढकललं आणि आठ दिवस तुझ्या दुकानात प्लास्टिकच्या स्टुलावर बसलो. मांडीवर मसुदा, हातात पेन्सिल. पहिल्या दिवशी एका गिऱ्हाइकाने विचारलं, हे कोण? “आमचे ऑडिटर,” तू म्हणालास. “आमच्या टाइल्स बरोब्बर चौकोनी आहेत का ते तपासतात.” तुझा भागीदार नीलेश टाइल्सच्या खोक्याआड जाऊन हसला. मीही हसलो असतो, पण तेवढ्यात मिहिरही हसला. त्याला विनोद कळला असेल असं नाही. तू हसलास म्हणून तो हसला. मी घरी किती वेळा हसलो आहे त्याच्यासमोर.

पण मी पाहिलं, राजू. तू म्हणाला होतास तसंच होतं. “मिहिर, मशीन,” आणि तुझा पंजा वर. मिहिरने टाइल मांडीवर ठेवली, कान झाकले. मशीन असं ओरडलं की मीच दचकलो. पंजा खाली आला, त्याने कान सोडले, अंगठा पुन्हा रेघांवर. मी मुद्द्यासमोर खूण केली. डब्याची झाकणं पाहिली, खूण केली. बाजूने येणारं गिऱ्हाईक पाहिलं, खूण केली. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मी मसुद्याकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघायला लागलो. त्याच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता, रेघा घासून घासून. तो मला तोवर माहीत नव्हता.

शेवटच्या दिवशी मी म्हटलं, आज मशीनचं मी सांगतो. मी म्हटलं, “मिहिर, मशीन,” आणि हात वर केला. त्याने आधी तुझ्याकडे पाहिलं. तू मान हलवलीस. मग त्याने कान झाकले.

ती मान हलवणं मी अजून विसरलेलो नाही.

आता बाराव्या मुद्द्याचं. ‘मुलास तहान लागल्यास तो पाणी हा शब्द स्पष्ट उच्चारून मागतो.’ आठ दिवसांत त्याने तो शब्द माझ्यासमोर एकदाही काढला नाही. तुझ्या खुर्चीमागच्या पाण्याच्या जारकडे जायचा, तुझी बाही ओढायचा, तू ग्लास भरायचास. बोलला नाही.

“सकाळी म्हणाला, तुम्ही यायच्या आधी,” तू म्हणायचास.

“मी असताना म्हणू दे.”

“तो काय तुमच्यासाठी म्हणतो होय? त्याला तहान लागली की म्हणतो.”

“आठ दिवस तहान लागली नाही?”

“तुम्ही पेन्सिल घेऊन समोर बसलाय. मला पण पाणी मागायची भीती वाटते.”

मी बारावा मुद्दा खोडला. अठरा उरले. आणि खरं सांगतो, खोडताना मला बरं वाटलं. माझ्या मुलाने उच्चारलेला शब्द मला ऐकू आलेला नाही आणि तुला आला, एवढी एक गोष्ट तरी त्या कागदावर नको होती. तू पहिल्यांदाच काही चेष्टा केली नाहीस. शटर ओढताना म्हणालास, “खोडा. पण तो बोलतो, भावोजी.” त्यानंतर प्रत्येक सणाला, प्रत्येक जेवणाच्या पंगतीत तुझं ते एक वाक्य ठरलेलं. माझं उत्तरही ठरलेलं: मी ऐकलं नाही.

सुनावणी पुण्याला, दिव्यांग आयुक्तांच्या कार्यालयात झाली. गाडी अर्थात तुझीच. मिहिरला आत न्यायचं नव्हतं म्हणून तू त्याला घेऊन बाहेर बाकावर बसलास. शाळेचे वकील तरुण होते, तयारीचे होते. प्रतिज्ञापत्र हातात धरून मला म्हणाले, “हे सगळं वकिलांनी छान लिहून दिलेलं दिसतंय. तुम्ही यातलं स्वतः काय पाहिलंय?”

“सगळं.”

“कुठे?”

“शहाडला, टाइल्सच्या दुकानात. आठ दिवस बसून. एक मुद्दा पाहायला मिळाला नाही, तो काढून टाकला आहे.”

कोणीतरी हसलं. सुनावणी घेणारे अधिकारी हसले नाहीत. मशीनचं सांगा, म्हणाले. मी उठून उभा राहिलो आणि पंजा वर केला, तू करायचास तसा. कान झाकले, पंजा खाली केला, कान सोडले. आयुष्यात मी चारचौघांत असं काही केलं नव्हतं. वकीलबाई फक्त एवढंच म्हणाल्या, “घंटेच्या आधी एकदा हात वर करायला किती खर्च येतो, एवढं शाळेने सांगावं.”

त्या दिवशी शाळेने लेखी मान्य केलं. दाखल्याचा विषय बंद. आठवड्यातून तीन दिवस विशेष शिक्षिका, शाळेच्या खर्चाने. परीक्षेला लेखनिक. टाइल जवळ ठेवायला परवानगी, कडा घासून बोथट केलेली. घंटेआधी खूण.

वैशाली माझ्याबरोबर बाहेर आली. मला वाटलं ती माझ्याकडे वळेल. ती चालत थेट बाकापर्यंत गेली आणि तुला म्हणाली, “राजू, झालं रे.” तू तिला विचारलंस, “भावोजी बोलले?” ती म्हणाली, “खूप छान बोलले.” मी चार पावलं मागे उभा होतो. माझं कौतुक मी तुमच्या दोघांच्या बोलण्यात ऐकलं. मिहिर तुझ्या खांद्यावर झोपला होता, तुझ्या शर्टावर त्याची लाळ होती. आत मी बोललो, आणि बाहेर मूल तुझ्याकडे होतं. त्या दिवशी कोणी मला अदलाबदल करतोस का विचारलं असतं तर मी केली असती.

घंटेआधी हात वर करायची खूण आता अख्खा वर्ग करतो. शिक्षिकेच्या अहवालात ‘पालकांनी सुचवलेली पद्धत’ असं आलं. मी तुला ते दाखवलं, दुरुस्त करून घेऊ का विचारलं. तू म्हणालास, “पालक म्हणजे तुम्हीच की.” तुझा हा मोठेपणाही मला आवडला नाही. तू एकदा तरी म्हणायला हवं होतंस की हे माझं आहे. मग मला भांडता आलं असतं.

अकरा हजार एकवरून मात्र आपण भांडलो. बाईंचे पुढचे सगळे पैसे मी भरले, पण पहिला हप्ता तुझा, हे मला बोचायचं. त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी तेवढेच पैसे पाकिटात घालून तुझ्या हातात ठेवले. “मामाचा मान परत करतात होय?” म्हणालास आणि पाकीट खिशात टाकलंस. मला वाटलं, मिटलं. मग वैशालीने तुला ओवाळलं, आणि तू तेच पाकीट, न उघडता, ओवाळणी म्हणून तिच्या ताटात घातलंस. माझेच पैसे तुझ्या नावाने माझ्या घरात आले. ती वर्षभर सांगत होती, राजूने यंदा केवढी ओवाळणी घातली. पुढच्या वर्षी मी पुन्हा दिलं, तू पुन्हा घातलंस. तिसऱ्या वर्षी तू पाट मांडायच्या आधीच हात पुढे केलास, “आणा पाकीट.” मीही हसलो तेव्हा. या भाऊबीजेला काय करायचं ते मला माहीत नाही.

परवा ते पाकीट घेऊन शुभाकडे गेलो. तुझी बायको तुझ्याहून हट्टी आहे. म्हणाली, “ताईंना ओवाळणी घालायला आता दुसरं कोण आहे? असू दे त्यांच्याकडेच.” चहा दिला. तुझा चष्मा अजून फ्रीजवर आहे.

त्या दिवशी तुला नेण्याआधी मिहिर तुझ्याजवळ बसला होता. तेरा वर्षांचा झालाय, तुझ्या खांद्याला लागायला लागला होता. कोणी रडत होतं त्याच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्याने तुझी मूठ उघडली, स्वतःच्या खिशातली टाइल काढली आणि रेघांची बाजू तुझ्या अंगठ्याखाली येईल अशी ठेवली. मग वाट बघत बसला. मी शेजारीच उभा होतो. ती टाइल त्याच्या रोजच्या दिवसाला लागणार, काढून घ्यायला हवी, हे मला कळत होतं. माझा हात पुढे झाला नाही. टाइल तुझ्याबरोबर गेली. आणि मी, ज्याने त्या क्षणी तुझ्यासाठी रडायला हवं होतं, मी विचार करत होतो की मी असा पडलेलो असताना तो माझ्या हातात काय ठेवेल.

नंतर तो उशी उलटून उलटून पाहायचा. विशेष शिक्षिकेने फोन केला, टाइल कुठे आहे, तो पुन्हा पॅसेजमध्ये आडवा झाला. घरातल्या, सोसायटीतल्या, बाजारातल्या टाइल्स मी आणून दिल्या. त्याने पाठी चाचपून सगळ्या परत केल्या. शेवटी काल, रविवारी, त्याला घेऊन शहाडला आलो.

दुकान तसंच आहे. तुझ्या खुर्चीवर कोणी बसत नाही, नीलेश बाजूला स्टूल टाकून बसतो. त्याने सॅम्पलचे ढीग काढून दिले. हल्लीच्या टाइल्सच्या पाठीवर चौकड्या असतात, रेघा नाहीत. मिहिर एकेक उचलायचा, अंगठा फिरवायचा, बाजूला ठेवायचा. नीलेशने माळ्यावरून जुना डबा उतरवला. त्यातली सहावी का सातवी टाइल मिहिरने उलटी केली आणि अंगठा थांबलाच नाही.

मग तो उठला. टाइल हातात घेऊन काउंटरच्या मागे गेला, तुझ्या खुर्चीच्या पाठीशी, जारजवळ. माझ्याकडे पाठ होती. बाही ओढायला तिथे कोणी नव्हतं.

“पाणी,” तो म्हणाला.

आवाज माझ्यासारखा आहे, राजू. फुटायला लागलाय, जाड, जरासा नाकातला. हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मी नीलेशकडे पाहिलं. त्याने मानही वर केली नाही. “इथे म्हणतो तो, काका. आधीपासून.”

मिहिर खुर्चीकडे बघत पुन्हा म्हणाला, “पाणी.” मी काउंटरच्या मागे गेलो आणि ग्लास भरून दिला, बाजूने. त्याने तो घेतला. पूर्ण प्यायला आणि रिकामा ग्लास खुर्चीसमोर ठेवला, तू बसायचास तिथे.

बारावा मुद्दा खरा आहे. माझ्या व्यक्तिगत माहितीवरून सांगतो. शब्द माझ्यासमोर आला, मला उद्देशून आला नाही. तुला तो रोज मिळत होता, आणि तरी तू चार वर्षं नुसतं एवढंच म्हणत राहिलास की तो बोलतो. मी तुझ्या जागी असतो तर रोज फोन करून ऐकवला असता.

“बिल कर,” मी नीलेशला म्हटलं.

“काय काका, सॅम्पलचं कसलं बिल?”

“कर.”

त्याने कुरकुरत पुस्तक ओढलं. “चाळीस लिहितो. नाव काय टाकू?”

मिहिर दारात उभा होता, अंगठा रेघांवर. मी तुझं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट. नीलेशने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं.

एक टाइल, जुनी, रेघांची. चाळीस रुपये रोख, तुझ्या दुकानाला दिले.